घरी लिनक्स वापरणाऱ्याने अँटीव्हायरस घ्यावा का?

घेऊ नये. उबंटू, मिंट, डेबियन किंवा फेडोरा या लिनक्सच्या वितरणांपैकी (तयार संचांपैकी) काहीही घरच्या संगणकावर असेल, तर अँटीव्हायरसवर पैसे घालवणे व्यर्थ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. "लिनक्स असले म्हणून काय झाले, संरक्षण हवेच," असे दुकानदाराने बजावल्याचे तुम्ही प्रश्नात लिहिले आहे. हेच वाक्य मी आमच्या दाजींकडून वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दाजींचे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे आणि विंडोजच्या कामात त्यांचा हात धरणारा आमच्या भागात कोणी नाही. एकदा भाची आपला प्रकल्प अहवाल छापून घेण्यासाठी पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात घेऊन गेली. घरी येऊन पाहते तर प्रत्येक फोल्डरच्या जागी एकेक शॉर्टकट झालेला होता. दाजींनी अँटीव्हायरस चालवला, त्याने ते सारे शॉर्टकट इमानेइतबारे पुसले आणि पेनड्राइव्ह रिकामा दिसू लागला. अहवाल दुसऱ्या दिवशी सादर करायचा होता. भाची रडकुंडीला आली आणि दाजी पेनड्राइव्ह फॉरमॅट करायला निघाले. रिकाम्या दिसणाऱ्या पेनड्राइव्हमधील बरीचशी जागा व्यापलेली कशी, हे मात्र कोणी विचारले नाही. मी तो माझ्या मिंटच्या लॅपटॉपला जोडला, तेव्हा सगळे फोल्डर जागच्या जागी होते. या जातीचा किडा मूळ फोल्डरना 'लपवलेले' आणि 'सिस्टिम' अशी दोन चिन्हे लावतो आणि शॉर्टकटमधून स्वतःची स्क्रिप्ट चालवतो. लिनक्स ती चिन्हे जुमानत नाही आणि ती स्क्रिप्ट चालवणारा विंडोजचा घटकही लिनक्समध्ये नसतो. अहवाल मिळाल्यावर दाजी काय म्हणाले असतील? "आता तुझ्या लॅपटॉपलाही लागण झाली असणार, अँटीव्हायरस टाकून घे." तो वाद अजून मिटलेला नाही.

लिनक्सवर व्हायरस नसतातच, असे मी त्यांना कधीही म्हटलेले नाही. स्टॅओग १९९६ मध्ये आणि ब्लिस १९९७ मध्येच येऊन गेले. परंतु घरगुती वापरकर्त्याला ज्या वाटेने धोका येतो, त्या वाटेवर अँटीव्हायरस क्वचितच उभा असतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्या संकेतस्थळात घुसून चोरांनी डाउनलोडचा दुवा बदलला आणि चोरदरवाजा असलेली आयएसओ (प्रणाली बसवण्याची फाइल) लोकांच्या हाती दिली. तेथे उपयोगी पडली असती ती स्वाक्षरीची पडताळणी, म्हणजे फाइल खऱ्या निर्मात्यांचीच आहे ना, हे त्यांच्या डिजिटल सहीवरून तपासणे. जुलै २०२५ मध्ये आर्च या वितरणाच्या एयूआरमध्ये, म्हणजे वापरकर्त्यांनीच भरलेल्या सॉफ्टवेअर भांडारात, फायरफॉक्सची दुरुस्ती म्हणून कोणीतरी दूरनियंत्रणाचा ट्रोजन चढवला होता, तो दोन दिवसांत हटवला गेला. मार्च २०२४ मधील एक्सझेड या फाइली आक्रसणाऱ्या प्रोग्राममधला चोरदरवाजा तर आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सापडला, कारण एसएसएचने (दूरच्या संगणकात शिरण्याच्या सोयीने) लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे त्याच्या लक्षात आले. जगभरातील एकाही अँटीव्हायरसने त्याआधी हाक मारली नव्हती.

दाजी एक गोष्ट विसरतात. अँटीव्हायरस हाही एक प्रोग्रामच आहे, तो बहुधा रूटच्या, म्हणजे संगणकाच्या सर्वोच्च, अधिकाराने चालतो आणि येणारी प्रत्येक अनोळखी फाइल उघडून पाहतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्लॅमएव्ही या लिनक्सवरच्या मोफत अँटीव्हायरसमध्येच अशी त्रुटी निघाली की, मुद्दाम बिघडवलेली एचएफएस प्लस (ॲपलच्या डिस्कची एक रचना) फाइल तपासायला दिल्यास हल्लेखोराला आपला कोड चालवता आला असता. घराला लावलेले कुलूपच चोराला आत घेऊ लागले, तर ते कशाला लावायचे?

त्याऐवजी सुरक्षा अद्यतने आली की त्याच दिवशी घ्या, सॉफ्टवेअर वितरणाच्या अधिकृत भांडारातूनच घ्या आणि कोणत्याही लेखातली 'कर्ल'ने सुरू होऊन 'सुडो बॅश'ने संपणारी ओळ (ती इंटरनेटवरून स्क्रिप्ट उतरवून थेट रूटच्या अधिकाराने चालवते) न वाचता टर्मिनलमध्ये चिकटवू नका. राउटरचा मूळ पासवर्डही बदला. २०१६ मध्ये मिराय हा मालवेअर (घातक प्रोग्राम) ज्या उपकरणांत घुसला, ती लिनक्सवरच चालणारी होती आणि त्यांचे कारखान्यातले पासवर्ड कोणी बदललेले नव्हते. बनावट बँकेच्या पानावर तुम्ही स्वतःच ओटीपी भरलात, तर मात्र कोणतीही प्रणाली तुम्हाला वाचवणार नाही.

दाजींच्या बाजूनेही दोन गोष्टी मान्य करायला हव्यात. तुम्ही वाइनमधून, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, विंडोजचे प्रोग्राम चालवत असाल, तर काही विंडोज मालवेअर तेथेही चालते आणि तुमच्या होम फोल्डरमधल्या फाइलींना हात लावू शकते. तसेच आलेल्या फाइली तुम्ही विंडोजवाल्या नातेवाइकांना पुढे पाठवत असाल, तर त्या आधी तपासणे हा शिष्टाचार झाला. त्यासाठी क्लॅमएव्ही फुकट मिळते आणि तेवढे पुरते. फक्त त्याची पार्श्वभूमीत सतत चालणारी सेवा सुरू करू नका, कारण तिची व्हायरस ओळखण्याच्या खुणांची यादी एक जीबीहून अधिक मेमरी अडवून बसते. हवा तो फोल्डर क्लॅमएव्हीच्याच क्लॅमस्कॅन या आज्ञेने हवा तेव्हा तपासून घ्यावा.