आजीच्या वर्षश्राद्धाला तिच्या आयुष्यावर छोटी पुस्तिका काढायची आहे. काय लिहावं, काय टाळावं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की काका म्हणतात, 'हालाचे दिवस लिहू नका, चांगलं तेवढंच लिहा.' त्या एका वाक्यापायी मी उत्तर लिहायला बसले. काकांचं ऐकू नका. पुढचं नाही वाचलंत तरी चालेल.

'प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू आणि धार्मिक वृत्तीच्या.' माझ्या आईच्या दशक्रियेच्या पत्रिकेवर एवढंच छापलं होतं. पेपरातलं पुण्यस्मरणाचं कुठलंही पान उघडा, तेच चार शब्द, फोटो तेवढा वेगळा. कष्टाळू म्हणजे कसले कष्ट, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. पत्रिका माझ्या धाकट्या भावाने छापून आणली. मी त्याला मजकूर लिहून दिला होता आणि त्यात एक ओळ होती : 'बहात्तरच्या दुष्काळात यांनी खडी फोडून घर जगवलं.' नेमकी तीच ओळ त्याने गाळली. म्हणाला, "ताई, चार लोकांत असलं सांगत नसतात. आपलं घर काय तसलं नव्हतं."

घर कसलं होतं ते मीच सांगते. सांगोला तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन, चौसोपी नसला तरी दगडी वाडा, आणि घरातल्या सुनांनी डोक्यावरचा पदर ढळू न देता वावरायचं अशी रीत. आई लग्न होऊन आली तेव्हापासून पाणी आणायलासुद्धा एकटी गेली नव्हती. मग पाऊस गेला. १९७२ चं साल तर पूर्णच कोरडं गेलं. विहिरीचा तळ दिसला, बैल मातीमोल भावात गेले, कणगी खरवडून झाली. वडील दम्याचे, त्यांच्याच्याने घण उचलवेना. एके दिवशी आईने सासूला विचारलं नाही, सांगितलं, की उद्यापासून मी कामावर जाते.

मी सहा वर्षांची होते. बाभळीला झोळी बांधलेली, तिच्यात भाऊ, आणि झोळी हलवायचं काम माझं. हो, तोच भाऊ. समोर सरकारने काढलेल्या दुष्काळी कामावर, रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायांची रांग बसलेली. आईच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असायच्या. डाव्या हाताने दगड धरायचा, फिरवून बघायचा आणि मग हातोडा मारायचा. नवख्या बाया नुसत्या मारत सुटायच्या आणि कपच्या डोळ्यांत घ्यायच्या. आईच्या भुवईत एक कपची शिरली होती, तो वण शेवटपर्यंत होता. पण पुढं तिला दगडाची शीर कळायला लागली. कितीतरी वर्षांनी माझी मुलगी अंगणात दगड आपटत बसली होती, तर आजीने तो हातात घेतला, दोनदा फिरवला, आणि म्हणाली, "ह्यो हितनं फुटल बघ." तिथूनच फुटला. नातीला ते जादूसारखं वाटलं. ती आठ दिवस दगड आणून आजीपुढे ठेवत होती आणि आजी प्रत्येकाची शीर दाखवत होती. त्या वेळचा आईचा चेहरा ज्याने पाहिला असेल, तो लाजेची भाषा करणार नाही.

कामावर सुकडी, म्हणजे खायला तयार गोडसर पीठ, मिळायची. आम्ही पोरं ती कोरडीच मुठीने खायचो. रेशनवर मिलो यायची, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिच्या पिठाला चिकटपणा नाही, भाकरी थापता थापता कडेने चिरायची. आई ती चीर ओल्या बोटाने सांधायची आणि तव्यावर टाकली की पुन्हा उलायची. माझ्या मुलांना तिने ही भाकरी इतक्या वेळा हाताने करून दाखवलीय, नुसत्या हवेत, की ती न खाताही त्यांना माहीत आहे.

खडीचं काम संपल्यावर ती पाझर तलावावर माती वाहायला गेली. तो तलाव अजून आहे. भावाच्या डाळिंबाच्या बागेची विहीर त्याच्याच खालच्या अंगाला आहे. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय, इथेही सांगते.

आणि 'आपल्यासारख्या घरातलं कुणी जात नव्हतं' हे भावाचं म्हणणं तर साफ खोटं. मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. बागायतदारांच्या सुनासुद्धा त्यात होत्या, सगळ्या जातींच्या बाया एका रांगेत बसून खडी फोडत होत्या. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्याच काळात राज्यभर पोचली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि २००५ साली देशाने त्याच धर्तीवर कायदा केला. मागेल त्याला काम द्यायची सवय सरकारला ज्या माणसांमुळे लागली, त्यांत माझी आई होती. हे पत्रिकेवर छापायला लाज वाटते आणि 'धार्मिक वृत्तीच्या' छापायला वाटत नाही! आई वारीला कधी गेली नाही. एकादशी धरायची, तीही सगळ्या नाही.

हजेरीच्या वेळी कारकून मस्टरमधून नावं पुकारायचा. घरात तिला कुणी नावाने हाक मारत नसे, बाहेर ती अमक्याची सून किंवा तमक्याची बायको. मस्टरवर तिचं नाव होतं, त्यापुढे तिचा अंगठा आणि तिचा पगार. तिची एक ओवी होती, कामावरच जुळवलेली:

खडी फोडू फोडू माझं हात झालं लाल
कारकून दादा माझं नाव वहीमंदी घाल

सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं ते वडील गेल्यावर, वारस म्हणून.

आता तुमच्या पुस्तिकेचं. आजीच्या बरोबरीच्या ज्या बाया हयात आहेत, त्यांच्याकडे आधी जा. फोनवर नको, जाऊन बसा. त्यांना साल विचारू नका, साल सांगता येत नाही. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आजी कुठे होती, दुष्काळात काय करत होती, इंदिरा गांधी गेल्या तेव्हा कुठलं मूल किती मोठं होतं, किल्लारीच्या वेळी घर कुणाचं बांधून झालं होतं, असं विचारा. मग १९६७, १९७२, १९८४, १९९३ ही सालं तुमची तुम्हाला लावता येतात आणि मधलं आयुष्य आपोआप जागेवर बसतं. आजीचं माहेरचं नाव शोधा. लग्नात नाव बदललेल्या बायांचं पहिलं नाव नातवंडांना ठाऊकच नसतं. शाळेत गेली असेल तर जनरल रजिस्टरला सापडेल, नसेल तर तिच्या भावंडांकडे. ओव्या येत असतील तर त्या घ्या, आणि कुणी म्हटली तिचं नाव-गाव शेजारी लिहा. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ या अभ्यासकांनी जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या, त्या आता 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या वेबसाइटवर ऐकायला मिळतात, आणि गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तालुका तिथे दिलेला असतो. 'एक ग्रामीण स्त्री' असं म्हणून भागवलेलं नाही.

गुणांची यादी अजिबात करू नका. 'सुगरण होती' लिहायचं असेल तर काय करायची आणि कुणाला वाढायची ते लिहा, नाहीतर तो शब्द गाळा.

एक मात्र आहे. आजीने स्वतः जी गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही, तुम्हाला दुसरीकडून कळली, ती छापू नका. मारहाणीच्या, सोडून दिल्याच्या गोष्टी असतात, आणि त्यांतली माणसं अजून त्याच गावात राहत असतात. माझ्या आईची गोष्ट वेगळी, तिने ती अंगणात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलेली होती. म्हणून मी एवढ्या ठामपणे बोलते. तुमच्या आजीने हालाचे दिवस स्वतःच्या तोंडाने सांगितले असतील, तर ते झाकायचा हक्क काकांना नाही.

भाऊ वाईट नाही, हेही लिहायला हवं. शेवटच्या आजारपणात आईचं सगळं त्याने आणि वहिनीने केलं. पण सेवा केली म्हणून आईचं आयुष्य खोडायची मुभा मिळत नाही. हे आमच्यात अजून मिटलेलं नाही.

मजकूर तयार झाला की छापायच्या आधी आजीच्या बहिणीला किंवा जावेला मोठ्याने वाचून दाखवा. त्या मध्येच थांबवून 'असं न्हवतं झालं' म्हणतील, तिथे दुरुस्त करा. काकांना छापून झाल्यावर द्या.