क्लाउडचं विचारा: लग्नाचे फोटो, ग्लेशियर आणि कॉलेजचा प्रोजेक्ट

प्रश्न: कराडला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो-व्हिडिओ मिळून 6 टीबी झालेत, कपाटात नुसत्या हार्डडिस्का. भाचा म्हणतो, मामा, एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) डीप आर्काइव्ह नावाच्या साठवणीत टाका, जवळपास फुकटात पडतं. पण आमच्याकडे लोक दोन-दोन वर्षांनी येतात, अजून एक अल्बम काढून द्या म्हणून. तेव्हा फोटो लगेच मिळतात का हो?

उत्तर: भाचा अर्धा बरोबर आहे. डीप आर्काइव्ह खरंच स्वस्त, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया रीजनमध्ये, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरांत, टीबीला महिन्याला साधारण 1 डॉलर (मुंबईचा दर वेगळा, तो त्यांच्या कॅल्क्युलेटरवर बघून घ्या). पण "लगेच" हा शब्द तिथे चालत नाही. आधी रिस्टोअरची, म्हणजे फाइल परत काढून द्या अशी, रिक्वेस्ट टाकायची, मग 12 तासांपर्यंत थांबायचं, आणि स्वस्तातला बल्क पर्याय घेतलात तर 48 तासांपर्यंत. म्हणजे गिऱ्हाईक काउंटरवर उभं असेल तर त्याला चहा पाजून उद्या या म्हणावं लागणार. शिवाय 180 दिवसांच्या आत फाइल डिलीट केली तरी पूर्ण 180 दिवसांचे पैसे लागतात, हे लोक वाचतच नाहीत.

2021 च्या शेवटी ग्लेशियर इन्स्टंट रिट्रिव्हल नावाचा प्रकार आला, त्यात फाइल मिलिसेकंदात मिळते, पण किमान मुदत 90 दिवस आणि काढताना दर जीबीमागे चार्ज. आणि इंटेलिजंट टिअरिंग आहेच, 2018 पासून, तिथे 30 दिवस फाइलला कुणी हात लावला नाही तर ती आपोआप स्वस्त कप्प्यात जाते, 90 दिवसांनी अजून स्वस्त, परत काढायला वेगळा चार्ज नाही, फक्त फाइलमागे लक्ष ठेवायची किरकोळ फी.

मी तुमच्या जागी असतो तर रॉ फाइल आणि कच्चं व्हिडिओ फुटेज डीप आर्काइव्हला, आणि एडिट केलेले जेपेग, जे लोक खरंच मागायला येतात, ते इंटेलिजंट टिअरिंगला. थंबनेल, म्हणजे फोटोंच्या छोट्या छोट्या झलक-प्रती, मात्र वर पाठवू नका, डीप आर्काइव्हमध्ये प्रत्येक फाइलमागे सुमारे 40 केबी जास्तीचं बिलात धरतात, लाखभर थंबनेल म्हणजे 4 जीबी असंच गेलं. तिथून डाउनलोड करायलाही पैसे आहेत, महिन्याला पहिले 100 जीबी फुकट, पुढे मीटर चालू.

एक सांगायचं राहिलं. एडब्ल्यूएसवाले फाइलचा टिकाऊपणा 99.999999999 टक्के सांगतात, नऊचा आकडा अकरा वेळा, पण तो त्यांच्या डिस्क खराब होण्याबद्दल. तुमच्या पोराने चुकून फोल्डर उडवलं तर त्यात काही येत नाही, म्हणून व्हर्जनिंग (फाइलची जुनी प्रत जपून ठेवायची सोय) आधी चालू करा, आणि वर्षभर तरी कपाटातल्या हार्डडिस्का भंगारात देऊ नका.

प्रश्न: सर, मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी सर्व्हर घ्यायचाय. सीनिअर म्हणतात एडब्ल्यूएस 12 महिने फुकट असतं. आणि आयपी ॲड्रेसचे पण पैसे लागतात हे खरं का?

उत्तर: सीनिअरांच्या वेळी होतं तसं. 15 जुलै 2025 पासून नवीन अकाउंटला वेगळा हिशोब आहे: उघडल्यावर 100 डॉलर क्रेडिट, आणि काही ठरावीक सर्व्हिस वापरून बघितल्या की अजून 100 पर्यंत. फ्री प्लॅन 6 महिने किंवा क्रेडिट संपेपर्यंत, जे आधी होईल ते, त्यानंतर पेड प्लॅनला गेला नाहीस तर अकाउंट बंद. त्यामुळे सबमिशन मे मध्ये असेल तर जुलैत अकाउंट उघडू नकोस, एवढं साधं गणित आहे.

आयपीचं खरं आहे. 1 फेब्रुवारी 2024 पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही4 ला (जुन्या पद्धतीचा, इंटरनेटवरून पोचता येणारा पत्ता) तासाला 0.005 डॉलर, वापरात असो नसो, म्हणजे 30 दिवसांच्या महिन्याला 3.60 डॉलर. आयपीव्ही4 चे पत्ते जगात संपत आलेत, वाटपाचे शेवटचे मोठे गठ्ठे 2011 मध्येच गेले, म्हणून ही वसुली. आयपीव्ही6 ला, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्याला, हा चार्ज नाही.

आणि रात्री सर्व्हर स्टॉप केला म्हणजे सगळं थांबलं असं समजू नकोस, कॉम्प्युटचं, म्हणजे सर्व्हर चालवण्याचं, मीटर थांबतं पण त्याच्या डिस्कचं चालूच राहतं, इलॅस्टिक आयपी (स्वतःच्या नावावर ठेवलेला कायमचा पत्ता) घेतला असशील तर त्याचंही. बजेट अलर्ट (खर्च ठरल्यापेक्षा वर गेला की सूचना) लाव, पण नुसता अलर्ट फक्त कळवतो, सर्व्हर आपोआप बंद करत नाही.