मधुमेही रुग्ण एकादशीचा उपवास सोडायला तयार नाही; नर्सने काय करावं?

‘उपवास करूच नका’ म्हणू नका. मान डोलावतील आणि गुपचूप करतील. आधी विचारा: निर्जळी आहे की फराळ चालतो? गोळ्या, पाणी घेणार का?

घोटाळा दोन टोकांना होतो. ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन नेहमीप्रमाणे घेऊन पोट रिकामं राहिलं की रक्तातली साखर घसरते. साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा भरपेट झाला की चढते. (साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. ताक, मूठभर दाणे बरे.) डोसातला बदल डॉक्टरांकडून आदल्या दिवशीच लिहून घ्या.

रक्तातली साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, की ३ चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. साखर उपवासाला चालते, हे आवर्जून सांगा. उपवास मोडेल या भीतीने काहीजण घाम फुटला तरी थांबून राहतात.