चव्वेचाळीस दगडी सिंह

गेल्या अंकात चीनमधल्या मानसिक आजार, व्यसन आणि विस्मरण यांवरच्या संशोधनाचा लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. लांब प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

प्रश्न : लेखात २००९ साली छापलेल्या पाहणीचा आकडा १७.५ टक्के होता आणि २०१९ साली छापलेल्या पाहणीचा ९.३ टक्के. म्हणजे दहा वर्षांत चीनमधले मानसिक आजार निम्म्यावर आले? (निवृत्त शिक्षक, सातारा)

नाही. मोजपट्टी बदलली. पहिली पाहणी मायकेल फिलिप्स आणि सहकाऱ्यांची. शानदोंग, झेजियांग, छिंगहाय आणि गान्सू या चार प्रांतांत २००१ ते २००५ या काळात ६३,००४ जणांना आधी बारा प्रश्नांची चाळणी लावली आणि त्यांतून निवडलेल्यांच्या मुलाखती मानसोपचारतज्ज्ञांनी घेतल्या. दुसरी हुआंग युएछिन यांच्या गटाची, देशभरातल्या ३२,५५२ प्रौढांची. तिथे बहुतेक मुलाखती छापील प्रश्नावलीवरून, प्रशिक्षण दिलेल्या पण डॉक्टर नसलेल्या लोकांनी घेतल्या.

गंमत पाहा. १७.५ हा ‘गेल्या महिन्यात’ आजारी असलेल्यांचा आकडा आहे आणि ९.३ हा ‘गेल्या बारा महिन्यांत’. महिन्याचा आकडा वर्षाच्या आकड्याहून मोठा, इथेच खटकायला हवे. छापील प्रश्नावलीत नैराश्याच्या भागाला एक दार असते: सलग काही दिवस उदास वाटले का, कशातच रस उरला नाही असे झाले का? इथे ‘नाही’ म्हटले की पुढचे सगळे प्रश्न गळतात. डॉक्टर मात्र तोच माणूस समोर बसवून ‘झोप लागते का, कामाला हात चालतो का’ अशा आडवाटेने आत शिरतो. शिवाय पहिल्या पाहणीत कुठल्याच निकषात नेमके न बसणारे आजारही मोजले होते. २००१-०२ सुमारास एकाच प्रश्नावलीने बीजिंगमध्ये ९.१ आणि शांघायमध्ये ४.३ टक्के आले होते, तेव्हा टक्का वाचताना आधी कालावधी, विचारणारा, आजारांची यादी आणि वयोगट शोधा. या ९.३मध्ये स्मृतिभ्रंश धरलेला नाही. पासष्टीपुढच्यांत तो वेगळा मोजला, तो ५.६ टक्के निघाला.

आमच्या मते त्या दुसऱ्या पाहणीतला खरा हादरवणारा आकडा वेगळाच आहे. वर्षभरात नैराश्याचा विकार असलेल्यांपैकी जेमतेम ९.५ टक्के लोक उपचाराला गेले आणि पुरेसा उपचार मिळाला तो ०.५ टक्क्यांना.

प्रश्न : चिनी माणसाला नैराश्य येत नाही, अंगच दुखते, असे ऐकले आहे. खरे का? (वाचक, नाशिक)

अर्धवट खरे. चीनमध्ये ‘शेनजिंग श्वायरुओ’ हे निदान अनेक दशके सर्रास दिले जाई. शब्दशः अर्थ नसांचा अशक्तपणा. मूळ कल्पना अमेरिकी डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनी १८६९मध्ये मांडलेली. तिकडे ती मागे पडली, चीनमध्ये रुजली. १९८०मध्ये आर्थर क्लाइनमन यांनी हुनान प्रांतातल्या चांगशा इथे हे निदान मिळालेले १०० रुग्ण तपासले. डोकेदुखी, झोप न येणे, थकवा या त्यांच्या तक्रारी होत्या. पण नीट विचारल्यावर ८७ जण तीव्र नैराश्याच्या निकषात बसले. उदासी होती, ती दवाखान्याच्या टेबलावर मांडायची पद्धत नव्हती. सांस्कृतिक क्रांतीनंतरच्या त्या काळात ‘मी हताश आहे’ म्हणणे राजकीयदृष्ट्याही जड जाणारे होते. नसा थकल्या म्हणण्यात धोका नव्हता.

आपल्याकडे ‘डोकं जड झालंय’, ‘जीव घाबरा होतो’ असेच म्हणतात, त्यामुळे प्रश्नावली मराठीत उतरवणाऱ्यांनाही ही अडचण येते. नुसता ‘नैराश्य’ शब्द वापरला तर ग्रामीण भागातली आजी ‘तसलं काही नाही बाबा’ म्हणून मोकळी होईल.

प्रश्न : आईला (वय ७४, शाळा दुसरीपर्यंत) स्मरणशक्तीच्या चाचणीत ३०पैकी १९ गुण मिळाले. कागदावर ‘२४च्या खाली’ म्हणून लाल खूण आहे. लेखात शांघायमध्ये वेगळी रेघ (किती गुणांपासून खाली संशय घ्यायचा) धरल्याचे वाचले. मग आईचे काय समजायचे? (मुलगी, कोल्हापूर)

तुम्ही नेमके बोट ठेवलेत. ही ३० गुणांची चाचणी इंग्रजीत, शिकलेल्यांसाठी बनली. १९८०च्या दशकात झांग मिंगयुआन, रॉबर्ट कॅट्झमन वगैरेंनी शांघायमध्ये ५,०५५ वृद्धांवर ती वापरली, तेव्हा शाळेचे तोंड न पाहिलेल्या कितीतरी धडधाकट बायका ‘नापास’ ठरू लागल्या. म्हणून रेघा शिक्षणाप्रमाणे ठरल्या: शाळा नाही तर १७ किंवा कमी, प्राथमिक शाळा असेल तर २० किंवा कमी, त्यापुढे २४ किंवा कमी. या रेघा चिनी भाषेतल्या चाचणीच्या आहेत, आईच्या कागदाला तशाच लावू नका. पण सगळ्यांना एकच २४ हे चूक, एवढे त्यावरून नक्की कळते.

प्रश्नही बदलावे लागले. ‘एक वाक्य लिहा’चे ‘एक वाक्य बोला’ झाले. मूळ इंग्रजीत ‘नो इफ्स, ॲण्ड्स ऑर बट्स’ जसेच्या तसे म्हणायचे असते. त्याचे भाषांतर करून उपयोग नव्हता, कारण अर्थ दुय्यम. जिभेला अडखळवणारा, ऐकून लगेच म्हणायचा तुकडा हवा होता. त्या जागी ‘चव्वेचाळीस दगडी सिंह’ हा चिनी शब्दसमूह आला, ज्यात ‘स’ आणि ‘श’ एकामागून एक येतात, आपल्या ‘कच्चा पापड, पक्का पापड’सारखे. पण शांघायच्या स्थानिक बोलीत प्रमाण चिनीतला हा ‘श’ नाही. तिथली आजी ‘स’ म्हणाली तर ती बोली आहे, विस्मरण नव्हे, आणि हे गुण देणाऱ्याला ठाऊक असावे लागते. हरियाणातल्या बल्लभगढला नव्वदच्या दशकात हिंदी चाचणी बनवताना त्या जागी ‘ना ये, ना वो’ घेतले गेले.

आईची चाचणी पुन्हा करून घ्याल तेव्हा चष्मा आणि कानाचे यंत्र लावलेले असू द्या. शिक्षणाची वर्षे आणि घरात बोलली जाणारी बोली आधी नोंदवा. तुम्ही शेजारी बसून सुचवू नका. पंचकोन काढताना हात थरथरला की पेन धरायची सवय नाही, हे वेगळे लिहायला सांगा. आईने तारखेऐवजी तिथी सांगितली तर ती धरायची का, हे तपासणाऱ्याने आधीच ठरवावे. एका गुणावरून काही ठरत नाही. सहा महिने ते वर्षभराने त्याच पद्धतीने घेतलेल्या गुणांशी तुलना जास्त बोलकी असते. आणि बी-१२, थायरॉइड आणि नैराश्य यांची तपासणी आधी करा, कारण या तिन्हींमुळे येणारा विसराळूपणा बराच सुधारू शकतो. पैशांचे हिशेब, गॅस बंद करणे, ओळखीचा रस्ता यांत अलीकडे बदल झाला असेल तर मात्र गुण कितीही असोत, न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

प्रश्न : सिंगापूरला माझ्या चिनी सहकाऱ्यांचा चेहरा दोन घोटांत लाल होतो. ते आधी ॲसिडिटीची गोळी घेतात. आणि थोडी दारू पक्षाघात टाळते, हे खरे का? (अभियंता, सिंगापूर)

दारूचे शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड होते, मग निरुपद्रवी ॲसिटेट. दुसरी पायरी करणारे एएलडीएच-२ हे विकर (एन्झाइम) चिनी वंशाच्या साधारण तिघांमागे एकात दुबळे असते. ॲसिटाल्डिहाइड साचते, चेहरा लाल होतो, छाती धडधडते. (दारू सोडवायला दिली जाणारी डायसल्फिराम गोळी हेच विकर मुद्दाम अडवते.) ॲसिडिटीची गोळी लाली झाकते, विष तसेच राहते. उलट लाली झाकली की माणूस जास्त पितो, आणि अशा लोकांत अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका आधीच जास्त असतो. गोळीची युक्ती सोडायला सांगा.

पक्षाघाताबद्दल: चीनमध्ये १० भागांतल्या ५ लाख १२ हजार लोकांच्या ‘कडूरी बायोबँक’ या आरोग्य-पाहणीने निसर्गाने केलेली चिठ्ठीपद्धतच वापरली. या विकराचे जनुक जन्मतः मिळते, म्हणून ते पाहून कोण किती पिणार याचा अंदाज बांधता येतो. नुसते विचारले, तेव्हा आठवड्याला १०० ग्रॅम अल्कोहोल घेणारे सर्वांत सुरक्षित दिसले. आजारी पडून दारू सोडलेले लोक ‘न पिणाऱ्यांत’ मोजले गेले की असे होतेच. जनुकावरून पाहिले, तेव्हा तो फायदा नाहीसा झाला: जितकी दारू, तितका धोका. आठवड्याला २८० ग्रॅममागे गुठळीचा पक्षाघात साधारण २७ टक्क्यांनी आणि मेंदूतला रक्तस्राव ५८ टक्क्यांनी वाढला. तिथे जेमतेम दोन टक्के बायका नेमाने पितात. त्यांच्यात याच जनुकाचा पक्षाघाताशी संबंध दिसला नाही, म्हणजे दोष दारूचाच. २८० ग्रॅम म्हणजे व्हिस्कीच्या साडेचार क्वार्टर. भारतीयांत हे दुबळे विकर क्वचितच आढळते, म्हणून आपल्याकडे बहुतेकांना ही लाल सूचनाच मिळत नाही.

प्रश्न : चीनच्या चार्ल्स आणि भारताच्या लासी या उतारवयातल्या लोकांच्या पाहण्यांतले नैराश्याचे गुण एकत्र तपासत आहे. चीनची सरासरी विचित्र येते. कुठे चुकते? (संशोधक विद्यार्थिनी, पुणे)

पाचव्या आणि आठव्या प्रश्नाचे गुण उलटवलेत का ते आधी बघा. चार्ल्समधल्या दहा प्रश्नांत ‘भविष्याबद्दल आशा वाटते’ आणि ‘आनंदी होते’ हे दोन सकारात्मक आहेत. बाकी आठांसारखेच जोडले तर सुखी माणूस आजारी दिसतो. नंतर एकूण ०–३० असायला हवेत. लासीवरच्या बऱ्याच लेखांत ० ते १०चा हिशेब असतो, तेव्हा चीनची १०ची आणि भारताची ४ची रेघ शेजारी ठेवण्याआधी दोन्हीकडे एकच गुणपद्धत लावा. स्मरणशक्तीच्या चाचणीचे गुणही घेणार असाल तर चित्र काढायला नकार दिलेल्यांना शून्य द्यायचे की रिकामे ठेवायचे, तेही आत्ताच ठरवून लिहून ठेवा. न शिकलेल्या बायका नकार जास्त देतात. लासीच्या प्रश्नांचे मूळ शब्द मुंबईत देवनारला असलेल्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यास संस्थेकडच्या प्रश्नावलीत आहेत, मराठीतलेही.