खिशातून घातलेलं पेट्रोल करातून वजा होतं का?

प्रश्न : मी मिरजेत राहतो, एका औषध कंपनीत एमआर (वैद्यकीय प्रतिनिधी) आहे. वर्षाचा पगार ८ लाख ४० हजार. टीए-डीए एक्स्पेन्स स्टेटमेंट भरल्यावर मिळतो, पण एक्स-स्टेशन (बाहेरगावी जाऊन त्याच दिवशी परत), आउटस्टेशन (मुक्कामी दौरा) करताना तो पुरत नाही. शिवाय पगारपत्रकात 'फील्ड कन्व्हेयन्स' म्हणून महिन्याला ४ हजार येतात, त्यावर कंपनी कर कापते. ओळखीच्या एका माणसाने २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांचं रिटर्न जुन्या करप्रणालीत भरलं आणि कलम १०(१४) (कामासाठी मिळालेल्या भत्त्यांची सूट) खाली दरवर्षी १ लाख ६० हजारांची सूट दाखवली. दोन्ही वर्षी कापलेला सगळा कर परत आला, त्यातले दहा टक्के त्याने घेतले. आता प्राप्तिकर खात्याचा ईमेल आलाय की ही सूट फॉर्म १६ शी, म्हणजे कंपनीने दिलेल्या पगार आणि करकपातीच्या दाखल्याशी, जुळत नाही. पण खर्च मी खरंच केलाय! पेट्रोल, बाइकचं सर्व्हिसिंग, मोबाइल, फॉर्मल शर्ट-बूट-टाय, डॉक्टरांच्या वाढदिवसाचे केक. माझा आर्किटेक्ट मित्र चहापाण्यापासून सगळं वजा करतो, मग मीच कसा चुकलो? पत्नी कॉलेजात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवते आणि घरी क्लास घेते. तो माणूस म्हणतो, पुढच्या वर्षी बाइकचा खर्च तिच्या क्लासमध्ये टाकू. चालेल का? (नाव छापू नये.)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही चालणार. आणि त्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका.

आता तुमच्या तक्रारीकडे येऊ. तुम्ही खर्च केलात यावर माझा विश्वास आहे. एमआरची नोकरी घरातून पदरमोड केल्याशिवाय होत नाही, हे मला अशिलांकडून पुरेसं कळलंय. पण आपला प्राप्तिकर कायदा 'खर्च केला का' हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाला विचारतो. त्याचा पहिला प्रश्न असतो, पैसा कुठल्या नात्याने कमावला? मालक-नोकर या नात्याने मिळाला तर तो पगार, आणि पगारातून काय वजा होतं ते कलम १६ मध्ये मोजून दिलंय : प्रमाणित वजावट, व्यवसाय कर आणि सरकारी नोकरांपुरता एक किरकोळ करमणूक भत्ता. बस्स. तिथे 'नोकरीसाठी केलेला इतर खर्च' असा रकानाच नाही. तुम्हा मंडळींना तर विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांच्या १९७६ च्या कायद्यानेही कर्मचारीच म्हटलंय, त्यामुळे 'मी कंपनीचा स्वतंत्र प्रतिनिधी' असं म्हणायची सोय नाही.

जुन्या प्रणालीत ५० हजार आणि नव्या प्रणालीत २०२४-२५ पासून ७५ हजार अशी जी प्रमाणित वजावट मिळते, ती नोकरदाराच्या सगळ्या खर्चापोटी दिलेली ठोक रक्कम आहे. पावती मागत नाहीत, पण त्याहून जास्त खर्च झाला तरी ऐकतही नाहीत. २००५ च्या अर्थसंकल्पाने तर ती पूर्ण काढूनच टाकली होती. २०१८ मध्ये ४० हजारांनी परत आली, तीही प्रवासभत्ता आणि वैद्यकीय खर्चाची सूट काढून घेऊन. म्हणजे मधली तेरा वर्षं नोकरदाराला तेवढंही मिळत नव्हतं. एलआयसीचे विकास अधिकारी इन्सेंटिव्ह बोनसमधून खर्चाचा ठरावीक वाटा वजा करून मागत अनेक उच्च न्यायालयांपर्यंत गेले. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळालं की हा पगारच, आणि पगारातून कलम १६ पुरतंच वजा होईल. त्याच एलआयसीचा एजंट मात्र कमिशनवर जगतो, म्हणून त्याला प्रवास, फोन, ऑफिसचं भाडं सगळं मागता येतं. दोघे एकाच शाखेत, बहुधा एकाच टपरीवर चहा पितात.

तरीही नोकरदाराला एक खिडकी उघडी आहे, आणि तुमच्या माणसाने नेमकी तीच वाकवली. कलम १०(१४) आणि नियम २बीबी असं सांगतात की मालकाने कामावरच्या प्रवासासाठी, दौऱ्यासाठी किंवा दैनंदिन भत्ता म्हणून ठरवून भत्ता दिला असेल, तर त्यातला जेवढा खरोखर त्या कामावर खर्च झाला तेवढा करमुक्त. म्हणजे अटी दोन. भत्ता त्याच नावाने, त्याच कामासाठी मिळालेला हवा. आणि तो खर्च झालेला हवा. 'स्पेशल अलाउन्स' या गोळाबेरीज नावाखाली आलेले पैसे तुम्ही पेट्रोलवर उडवलेत तरी पहिली अट पुरी होत नाही. घर ते ऑफिस हा प्रवासही यात बसत नाही.

तुमच्या पगारपत्रकात मात्र 'फील्ड कन्व्हेयन्स' ही ओळ आहे. वर्षाचे ४८ हजार. कंपनीने त्यावर कर कापला, म्हणून हक्क बुडत नाही; रिटर्नमध्ये ही सूट मागता येते. पुरावा तुमच्याकडे रोज तयार होतो. डीसीआर (डॉक्टरभेटींचा रोजचा अहवाल), मंजूर टूर प्रोग्रॅम, पेट्रोलची यूपीआय नोंद, सर्व्हिसिंगची बिलं. फक्त एक पथ्य पाळा : ज्या किलोमीटरचे पैसे कंपनीने एक्स्पेन्स स्टेटमेंटवर दिले, तेच किलोमीटर या ४८ हजारांत पुन्हा मोजू नका. स्टेटमेंटवर मिळालेली भरपाई मुळात पगारात धरलेलीच नाही. त्यापलीकडे झालेला खर्च ४८ हजारांपर्यंत जातो का, हे आधी मांडून बघा. जात असेल तर ही सूट सोडू नका. ईमेल आला म्हणून घाबरून सगळंच परत करणारेही मी पाहतो, त्याचीही गरज नसते.

उरलेले १ लाख १२ हजार मात्र जातील. मोबाइल आणि जादा पेट्रोल यांसाठी मालकाने भत्ता दिला नव्हता, म्हणून ते गेलं. कपड्यांसाठी 'गणवेश भत्ता' अशी सूट जुन्या प्रणालीत आहे, पण नेमून दिलेला गणवेश आणि त्यासाठीचा भत्ता हवा. टाय हा गणवेश नव्हे. इंग्लंडमध्ये १९८३ साली एका महिला बॅरिस्टरच्या कोर्टात घालायच्या काळ्या कपड्यांचा खर्च हाउस ऑफ लॉर्ड्सने नाकारला. कारण असं की कपडे कोर्टासाठी असले तरी अंग झाकायला आणि ऊब मिळवायलाही लागतातच. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण काळा कोट घेताना मला दरवेळी आठवतो. आणि डॉक्टरांचे केक? ते कुठल्याही कागदावर लिहूच नका. डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च औषध कंपनीलाही वजा करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अपेक्स लॅबोरेटरीजच्या प्रकरणात स्पष्ट केलंय.

आता तो आर्किटेक्ट. माझा अंदाज आहे की तो चहापाणी वजा करतच नाही. वास्तुविशारद, वकील, डॉक्टर, अभियंता, सीए, इंटिरियर डेकोरेटर अशा ठरावीक व्यवसायांना कलम ४४एडीए लागू होतं. वर्षाची जमा ५० लाखांच्या आत (रोखीने आलेली जमा पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ७५ लाखांच्या आत) असेल तर निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची, निम्मी खर्चात गेली असं कायदाच मानतो. मग एकही बिल वेगळं मागता येत नाही, घसाराही (वस्तूच्या झिजेपोटीची वजावट) नाही. खर्च प्रत्यक्षात वीस टक्केच असेल तर त्याची चांदी. सत्तर टक्के असेल तर वह्या ठेवून खरा हिशेब द्यावा लागतो, आणि उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल तर ऑडिटही.

खरा हिशेब देणाऱ्या व्यावसायिकाला कलम ३७ ची कसोटी लागते. खर्च केवळ आणि पूर्णपणे व्यवसायासाठी हवा, खासगी नको, भांडवली नको. 'आवश्यक' हवा असं मात्र म्हटलेलं नाही. तो शब्द १९६१ च्या विधेयकात होता, विरोध झाला म्हणून काढला, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये ससून जे. डेव्हिड या मुंबईच्या कंपनीच्या प्रकरणात यावर बोटही ठेवलं. तुमच्या कलम १०(१४) मध्ये तो शब्द अजून आहे. नोकरदाराची कसोटी कडक आहे ती इथेही. पण व्यावसायिकाची सैल कसोटीसुद्धा कुठेतरी थांबतेच. ज्येष्ठ वकील शांतिभूषण यांनी स्वतःच्या हृदयाच्या बायपासचा खर्च वकिलीचा खर्च म्हणून मागितला होता. युक्तिवाद असा की हृदय हेच वकिलाचं यंत्र, त्याची दुरुस्ती म्हणजे यंत्राची दुरुस्ती. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो फेटाळला. हृदय वकिली न करणाऱ्यालाही लागतंच.

यावरून तुमच्या पत्नीच्या क्लासमध्ये तुमची बाइक का बसत नाही हे लक्षात आलं असेल. त्यांच्या स्वतःच्या खर्चावर मात्र त्यांचा पूर्ण हक्क आहे. आधी सीएचबीचं नेमणूकपत्र काढा. तासाप्रमाणे मानधन, पीएफ नाही, दुसरीकडे शिकवायची मोकळीक आणि टीडीएस १९४जे (व्यावसायिक शुल्कावरची करकपात) खाली, असं असेल तर ते व्यावसायिक उत्पन्न म्हणता येतं. कॉलेजने कुठल्या कलमाखाली कापलं एवढ्यावर हे ठरत नाही, करारातल्या अटींवर ठरतं. पुण्याच्या रुबी हॉल क्लिनिकच्या डॉक्टरांबाबत खातं 'हा पगार' म्हणत होतं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अटी तपासून, हा पगार नव्हे, हे हॉस्पिटलचं म्हणणं मान्य केलं.

घरच्या क्लासचं उत्पन्न तर स्वतंत्र व्यवसायाचंच. पण शिकवणं ४४एडीएच्या यादीत नाही. तुमच्या माणसाने त्यांचं रिटर्न निम्मं उत्पन्न दाखवून भरलं असेल तर तेही तपासा. साधा रस्ता म्हणजे जमा-खर्चाची वही आणि आयटीआर-३ (व्यवसायाचं उत्पन्न दाखवायचा फॉर्म). त्यात पुस्तकं, व्हाइटबोर्ड, झेरॉक्स, इंटरनेट आणि विजेचा क्लासपुरता वाटा येईल. घर भाड्याचं असेल तर भाड्याचाही वाटा. स्वतःचं असेल तर काल्पनिक भाडं नाही. संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर निम्मा. समजा ४८ हजारांचा लॅपटॉप डिसेंबरात घेतला आणि पाऊण वापर क्लाससाठी आहे, तर यंदा २० टक्क्यांनी ९,६०० आणि त्यातले ७,२०० वजा होतील. एका माणसाला एका दिवसात १० हजारांवर रोख दिलेला खर्च नाकारला जातो, तेव्हा मोठी रक्कम बँकेतूनच द्या. व्यवसायाचा असा खर्च नव्या करप्रणालीतही मिळतो. नवी प्रणाली घेतली की सगळ्या वजावटी गेल्या, ही समजूत पगारदारांनी पसरवलेली आहे.

आता ईमेलचं काय करायचं. तुमचा पगार ८ लाख ४० हजार धरून, त्यातून प्रमाणित वजावट, व्यवसाय कर आणि ८०सीच्या (विमा, पीएफसारख्या बचतीच्या) वजावटीचे १ लाख ५० हजार वजा करून मी गणित केलं. कोणतीच सूट नसती तर कर सेससह ४१,६०० होता, तेवढाच कंपनीने कापला असणार. तुमच्या माणसाने उत्पन्न ४,७७,५०० वर आणलं, कारण पाच लाखांच्या आत आलं की ८७ए ची सवलत मिळून कर शून्य होतो. १ लाख ६० हजार हा आकडा पेट्रोल मोजून आलेला नाही, तो पाच लाखांच्या खाली घसरण्यासाठी निवडलेला आहे. ४८ हजारांची खरी सूट धरली तर उत्पन्न ५,८९,५०० आणि कर ३१,६१६. म्हणजे ९,९८४ रुपयांचा परतावा तुमचा हक्काचा होता, वरचा नाही.

अद्ययावत विवरणपत्र, म्हणजे आयटीआर-यू, भरून हे दुरुस्त करता येतं. २०२४-२५ साठी ३१ मार्च २०२७ पर्यंत भरल्यास कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, म्हणजे सुमारे ७,९०० आणि व्याजाचा भाग. २०२३-२४ साठी त्याच तारखेपर्यंत ५० टक्के, म्हणजे १५,८०० च्या आसपास. टोचेल, पण पर्याय पाहा. खात्याने चुकीची माहिती दिली असं ठरवलं तर कलम २७०ए खाली कराच्या दुप्पट दंड, म्हणजे एकेका वर्षाला ६३ हजारांवर. पुनर्निर्धारणाची (जुनं रिटर्न पुन्हा तपासायला उघडल्याची) नोटीस हातात पडली की आयटीआर-यूचा रस्ता जवळजवळ बंद किंवा बराच महाग होतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आला, कलमांचे क्रमांक बदलले. तुमच्या या दोन वर्षांना मात्र जुनाच कायदा लागू आहे.

'रिटर्न त्याने भरलं' हा बचाव टिकणार नाही. ओटीपी तुमच्या फोनवर आला आणि तुम्ही सांगितलात, म्हणजे पडताळणी तुमची झाली. जुलै २०२५ मध्ये खात्याने देशभर दीडशे ठिकाणी अशा एजंटांवर कारवाई केली, त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी खोटे दावे मागे घेतले होते. तुम्ही एकटे नाही, पण त्याने जबाबदारी कमी होत नाही.

गंमत म्हणजे २०२५-२६ पासून तुम्हाला हा उपद्व्याप करायची गरजच उरलेली नाही. नव्या प्रणालीत ७५ हजार वजा जाता तुमचं उत्पन्न ७ लाख ६५ हजार राहतं, आणि १२ लाखांपर्यंत सवलत मिळून कर शून्य.

या आठवड्यात दोन्ही वर्षांचे फॉर्म १६, बारा-बारा पगारपत्रकं, एक्स्पेन्स स्टेटमेंट आणि डीसीआरच्या प्रती घेऊन एखाद्या सीएकडे बसा. आयटीआर-यू भरण्याआधी कर, व्याज आणि जादा रक्कम चलनाने भरावी लागते, ते चलन जोडल्याशिवाय विवरणपत्र स्वीकारलं जात नाही. दोन्ही वर्षं मिळून व्याजासह लाखाच्या आसपास तरतूद ठेवा.