पगाराला शंभरने गुणू नका, तासांनी भागा

प्रश्न : ताई नमस्कार. मी परळच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, वय ३१, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, सात वर्षांचा अनुभव. हातात २८,००० येतात. ड्यूटी कागदावर आठ तासांची आहे पण हँडओव्हर, चार्ट भरणं धरून दहा तास होतातच, वर बदलापूर ते परळ येऊन जाऊन तीन तास. आता एका एजंटने जर्मनीची ऑफर आणलीय, आठवड्याला साडेअडतीस तास आणि महिना ३,१०० युरो. मिस्टर म्हणतात हे तीन लाख दहा हजार झाले, विचार कसला करतेस. मुलगी सहा वर्षांची आहे, सासूबाई सांभाळायला तयार आहेत. जाऊ का? – एक वाचक, बदलापूर

उत्तर : सिस्टर, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी बावीस वर्षं मुंबईत पगाराच्या स्लिपा बनवल्यात आणि माझी धाकटी बहीण स्टुटगार्टला एका लॅबमध्ये कामाला आहे, त्यामुळे हा हिशोब आमच्या घरात रात्र रात्र बसून झालेला आहे. तुमच्या मिस्टरांनी केला तोच गुणाकार आमच्या भावजींनीही केला होता.

पहिली गोष्ट, ३,१०० हा आकडा ब्रुटो आहे, म्हणजे कापायच्या आधीचा. हातात येतो तो नेटो. पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा आणि म्हातारपणीच्या देखभालीचा विमा हे मिळून तुमच्या बाजूने साधारण २१ टक्के जातात, वर इन्कम टॅक्स. तिथं लग्न झालेल्या माणसाला कमी टॅक्सचा वर्ग मिळतो पण नवरा भारतातच राहिला तर तो मिळत नाही, तुम्हाला एकट्या माणसासारखाच वर्ग १ लागेल, ही गोष्ट एजंट कधी सांगत नाहीत. म्हणजे हातात धरा २,१०० च्या आसपास.

आता तास धरू. इथं तुमचे दिवसाला दहा अधिक प्रवासाचे तीन, असे तेरा तास, महिन्याला २६ दिवस, झाले ३३८ तास. २८,००० ला ३३८ ने भागलं की तासाला ८३ रुपये. (प्रवास का धरला असं मिस्टर विचारतील, त्यांना म्हणावं बदलापूर लोकलमध्ये दाराला लटकून गेलेला तास तुमच्या आयुष्यातला नाही तर कुणाच्या?) तिथं महिन्याला १६७ तास काम आणि रोजचा तासभर प्रवास धरला तर १८९ तास, म्हणजे तासाला अकरा युरो.

हे अकरा युरो म्हणजे अकराशे रुपये का? तुम्ही ते तिथंच खर्च करणार असाल तर नाही. बाजारात युरो शंभरच्या आसपास रुपयांना मिळतो, पण घर चालवायला बसलात की एक युरो जेवढं काम करतो तेवढं इथं साधारण ३० रुपयांत होतं. कारण सरळ आहे, आपल्याकडे रिक्षावाला, कामवाली मावशी, इस्त्रीवाला, भाजीवाला ह्या सगळ्यांचा तास स्वस्त आहे म्हणून आपलं घर स्वस्तात चालतं, तिथं दुसऱ्याचा तास विकत घ्यायचा तर त्यालाही तुमच्यासारखाच पगार द्यावा लागतो. माझी बहीण मुलांचे केस घरीच कापते, नळही स्वतःच दुरुस्त करायला शिकली. तर अकरा युरो म्हणजे आपले ३३० रुपये, तुमच्या ८३ च्या चौपट. मिस्टरांच्या गुणाकारात अकरापट दिसत होतं.

चौपट पण कमी नाही हं, मी तुम्हाला घाबरवत नाहीये. आणि जे युरो तुम्ही घरी पाठवाल ते मात्र खरंच शंभरने गुणले जातात. एकटीने खोली घेऊन राहिलात, भाडं, खाणं, महिन्याचा पास, फोन सगळं जाऊन ७०० युरो वाचले तरी बदलापूरला ७०,००० पोचतात, तुमच्या आजच्या पगाराच्या अडीचपट. पण मुलगी आणि मिस्टर तिकडे आले की मोठं घर लागतं, टॅक्स कमी होतो, मुलीचा सरकारी भत्ता मिळतो महिना अडीचशे युरोच्या वर, तरी जवळजवळ सगळे युरो तिथंच संपतात, म्हणजे ३० वालेच. म्हणून जास्त पैसा आणि मुलगी जवळ ह्या दोन गोष्टी सुरुवातीची काही वर्षं तरी एकत्र मिळणार नाहीत. हे घरात आत्ताच बोलून घ्या, व्हिसा आल्यावर नको.

बाकी घराचं भाडं विचारताना ‘काल्ट’ की ‘वार्म’ ते विचारा, काल्ट म्हणजे हीटिंग आणि सोसायटीचे खर्च सोडून.

पैशाच्या पलीकडची एक गोष्ट सांगते, मला ती पगारापेक्षा मोठी वाटते. मी बहिणीकडे गेले होते तेव्हा तिच्या फ्रिजवर महिन्याचा ड्यूटी प्लॅन लावलेला होता, एका बुधवारी रात्री साडेनऊपर्यंत आणि गुरुवारी सकाळी सहाला परत. तिने पेनाने गोल केला, फोटो काढून सुपरवायझरला पाठवला, आणि अर्ध्या तासात गुरुवार बदलून आला. तिथं दोन पाळ्यांच्या मध्ये अकरा तास विश्रांती कायद्याने द्यावी लागते, हॉस्पिटलला थोडी सूट आहे पण साडेआठ तास चालत नाहीत. कुणी आवाज चढवला नाही, कुणी ‘ॲडजस्ट कर ना’ म्हटलं नाही. मी किचनमध्ये उभी राहून तो प्लॅन बघत राहिले, मला डोळ्यांत पाणी आलं, कारण इथं मी स्वतः कितीतरी मुलींच्या स्लिपा बनवल्या ज्यांचे आठावरचे ते दोन तास कुठल्याच कॉलममध्ये आले नाहीत. आजारी पडलात तरी सहा आठवडे पूर्ण पगार मालक देतो, आणि सुट्टीत आजारी पडलात, डॉक्टरचा कागद दिला, तर तेवढ्या सुट्ट्या परत मिळतात.

माझं मत विचाराल तर जा, पण आधी एजंटकडून लेखी घ्या की ३,१०० पहिल्या दिवसापासून की तुमची नर्सिंगची मान्यता झाल्यावर, कारण मान्यता होईपर्यंत सहसा मदतनीस म्हणून ठेवतात आणि पगार कमी असतो, आणि त्यासाठी जर्मन भाषा साधारण बी-टू (सहा पायऱ्यांतली चौथी) पर्यंत लागते. काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवनमध्ये क्लास आहेत, जाण्याआधी जेवढी होईल तेवढी करून जा. एजंट सरकारी नोंदणीचा असेल तर त्याला ३०,००० रुपये आणि जीएसटी याच्या वर फी घेताच येत नाही, लाखांत मागत असेल तर तिथूनच परत फिरा. आणि मुलीला कधी न्यायचं याचा महिना ठरवून कॅलेंडरवर लिहा.

प्रश्न : मी भांडुपला सीएनसी ऑपरेटर आहे, बारा तास ड्यूटी. जर्मनीत म्हणे ३५ तासांच्या आठवड्याचा कायदाच आहे. आपल्याकडे सरकार असा कायदा का करत नाही? – एक वाचक, भांडुप

उत्तर : दादा, तिथंही तसा कायदा नाहीये. त्यांचा १९९४ चा कायदा दिवसाला आठ तास आणि सहा दिवस म्हणतो, म्हणजे आपल्यासारखेच ४८. पस्तीस तास मिळवले ते धातू कारखान्यांतल्या कामगारांच्या युनियनने, १९८४ ला मोठा संप केला तेव्हा चाळीसचे साडेअडतीस झाले, मग कमी कमी होत १९९५ ला पस्तीस. ज्या कारखान्यात युनियनचा करार आहे तिथंच ते लागू. वर्षाला माणशी १,३४० च्या आसपास तास असा जो जर्मनीचा आकडा फिरतो त्यात पार्टटाइमवाले पण खूप आहेत, तेव्हा तो बघून मन खट्टू करू नका.

आणि आपल्याकडे कुणी लढलंच नाही असंही समजू नका. रविवारची सुट्टी याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना मिळवून दिली, १० जून १८९० ला, १८८४ पासून मागणी लावून धरली होती तेव्हा. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं बघत होते त्याच काळात कामाच्या तासांचा प्रश्न पुढे आला आणि १९४६ ला आठवड्याचे ५४ तासांचे ४८ झाले. माझे आजोबा परळला गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, भोंगा झाला की हातातलं काम टाकून निघायचे, आणि आजी म्हणायची हा भोंगा आपला आहे, मालकाचा नाही. गिरण्या गेल्या तसा भोंगाही गेला, आता सुटायची वेळ सुपरवायझरच्या तोंडात असते.

तुमच्या बारा तासांत ओव्हरटाइम किती ते आधी काढा. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात जादा तासाला दुप्पट दर लिहिलेला होता, २०२५ ला त्याच्या जागी आलेल्या नव्या कामगार संहितेतही तोच आहे, सिंगल देत असतील तर ते तुमचे पैसे आहेत. खिशात छोटी डायरी ठेवा, रोज आत गेलेली आणि बाहेर आलेली वेळ लिहा, पंचिंग मशीनवर वेळ दिसत असेल तर मोबाइलवर फोटो काढा. एक महिना झाला की स्लिप आणि डायरीची पानं, नाव आणि कंपनी झाकून, इथं पाठवा, मी बसून हिशोब करून देते.