चालू नोकरी सोडून एकट्याने डिझाइनची कामं घ्यावीत का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून: वय ३४, एकूण नऊ वर्षं डिझाइन इंजिनिअर, सध्याच्या कंपनीत साडेचार वर्षं, घराचा हप्ता १९ हजार, एक मुलगी. आणि दोन ओळखीच्या पार्ट्या (गिऱ्हाईक कंपन्या) म्हणतायत, "तुम्ही बाहेर पडा हो, काम आम्ही देतो."

मी तुमच्याच धंद्यातला. शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये अकरा वर्षं फिक्स्चर डिझाइन केलं आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये राजीनामा दिला. तेव्हापासून कोल्हापुरात घराच्या मागच्या खोलीत एकटा बसतो. (इतर वाचणाऱ्यांसाठी: फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग, म्हणजे धातूचा ओतीव भाग, मशीनवर दरवेळी नेमकं त्याच जागी पकडून ठेवायला जे लागतं ते फिक्स्चर. मी ते कागदावर काढून देतो, बनवणारा दुसरा असतो.) हाताखाली माणूस नाही, ठेवायचाही नाही.

काम मिळेल का, ही तुमची मुख्य काळजी दिसते. मिळेल. नऊ वर्षं नीट काम केलेल्या माणसाला कोल्हापूर, सांगली, पुणे या पट्ट्यात काम मिळतं. त्या दोन पार्ट्यांबद्दल वेगळंच विचारा: आत्ता ज्यांच्याकडून काम करून घेतात, त्यांचे पैसे ते किती दिवसांत देतात? आणि हे त्यांना विचारू नका, ते "तीस दिवस" म्हणतील. त्यांच्याकडे जॉब वर्क करणाऱ्या एखाद्या लेथवाल्याला चहा पाजा आणि त्याला विचारा.

माझं पहिलं बिल ६२ हजारांचं होतं, २६ नोव्हेंबर २०१८ चं. काम वेळेत दिलं, पार्टी खूश. महिन्याभराने अकाउंट्सला फोन केला तर म्हणाले, बिल पास झालेलं नाही, त्यावर स्टोअरचा शिक्का नाही. स्टोअरमध्ये गेलो. तिथला माणूस म्हणतो, "माल कुठाय?" मी म्हटलं, माल नाही, डिझाइन आहे, ईमेलने दिलंय. तो म्हणाला, माल आत आल्याशिवाय मी जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, कशी करू? त्याचंही चूक नव्हतं. त्याच्या रजिस्टरात नग आणि किलो हे दोनच रकाने होते. अकाउंट्सवाले म्हणायचे स्टोअरला विचारा, स्टोअरवाला म्हणायचा परचेसला विचारा, आणि परचेसचे साहेब कायम "राउंडला" गेलेले. रिसेप्शनच्या त्या सोफ्यावर मी इतका बसलो की तिथला शिपाई न विचारता बिनसाखरेचा चहा आणून द्यायला लागला.

शेवटी काय केलं, तर सगळ्या ड्रॉइंगच्या प्रिंट काढल्या, स्पायरल बाइंडिंग केलं, वर माल पोचवताना देतात ते चलन जोडलं आणि चलनावर लिहिलं: "फिक्स्चर डिझाइन फाइल, १ नग". स्टोअरवाल्याने ती फाइल उलटसुलट करून बघितली, शिक्का मारला. १२ एप्रिलला खात्यात ५५,८०० जमा झाले, बाकीचे ६,२०० टीडीएसमध्ये. १३७ दिवस. वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांनी नोकरी सोडायला विरोध केला नव्हता, पण त्या चार-साडेचार महिन्यांत रोज संध्याकाळी चप्पल काढतानाच विचारायचे, "आला का चेक?" ऑनलाइन येतात हो पैसे, हे मी त्यांना सांगणंच सोडून दिलं होतं.

आजही नवीन पार्टीला मी ती बाइंडिंग केलेली फाइल चलनासकट देतो. ऐंशी-शंभर रुपये जातात.

नोकरीत असताना हे सगळं माझ्याच कंपनीत कुणीतरी करत होतं. मला ते दिसत नव्हतं, कारण माझा पगार एक तारखेला यायचा, कंपनीला तिच्या गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. तुमचंही तेच आहे. म्हणून घरखर्चाचे किती महिने बाजूला ठेवायचे हा हिशेब "काम मिळेपर्यंत" असा करू नका. पहिलं काम मिळाल्यावरही पाच महिने पैसा येणार नाही, असं धरून करा. मी आठ महिन्यांचे ठेवले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचा पूर आला, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे पाण्याखाली गेला आणि बरेच दिवस बंद राहिला, तेव्हा त्यातले दोन उरले होते. त्याच वर्षी गाड्यांची मागणी पडलेली, फाउंड्र्यांनी शिफ्टा कमी केल्या होत्या. मला वाचवलं बीएस-६ ने, म्हणजे गाड्यांच्या धुराच्या नव्या नियमांनी. १ एप्रिल २०२० पासून ते लागू होणार म्हणून नवे पार्ट येत होते, आणि नवा पार्ट म्हटलं की नवं फिक्स्चर. यात माझी हुशारी शून्य. आणि नियम लागू व्हायच्या आठवडाभर आधी लॉकडाउन लागला, ते तुम्हाला माहीतच आहे.

आता मी पैसे असे घेतो: पीओबरोबर (लेखी ऑर्डरबरोबर) ४० टक्के. मग लेआउट फक्त पीडीएफमध्ये, पाहून मंजूर करण्यापुरता. मंजुरी मिळाली की ५० टक्के, आणि ते जमा झाल्यावरच डिटेल ड्रॉइंग आणि थ्रीडी मॉडेल. उरलेले १० टक्के ट्रायलनंतर. हे १० टक्के येत नाहीत असं धरूनच भाव सांगतो, कारण ट्रायल "पुढच्या आठवड्यात" असते आणि तो आठवडा कधी येत नाही. पहिल्या वर्षी ॲडव्हान्स मागायची लाज वाटायची. आपण काय हो, आपल्यात पैशाचं बोलायचं नाही, असला संकोच. तो लवकर सोडा. ॲडव्हान्सला "बघू" म्हणणारी पार्टी शेवटच्या बिलालाही "बघू"च म्हणते, हे मी तीन वेळा अनुभवलंय.

चुकांचंही सांगतो. दुसऱ्या वर्षी घाईत एका हाउसिंगचं लोकेशन, म्हणजे कास्टिंग फिक्स्चरवर जिथे टेकवायचं ती जागा, पार्टिंग लाइनलगत घेतलं. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे कास्टिंग थोडं पुढंमागं सरकलेलं असतं, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. मलाही होतं. बोअर (मशीनवर पाडलेली भोकं) सरकले, फिक्स्चरची प्लेट आणि लोकेटर पुन्हा करावे लागले. १८ हजार माझ्या खिशातून. नोकरीत अशाच चुकीला साहेबांच्या केबिनमध्ये दहा मिनिटं मान खाली घालून उभं राहिलं की मिटायचं. एकट्याला ड्रॉइंग तपासून देणारा दुसरा डोळा नसतो. मी आता मोठं ड्रॉइंग एक रात्र मुरू देतो आणि सकाळी कागदावर प्रिंट काढूनच तपासतो. स्क्रीनवर चूक दिसत नाही, का कोण जाणे.

कायदा आपल्या बाजूने आहे, कागदावर. उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून सरकारकडे होते ती) फुकट होते, ती पहिल्याच दिवशी करा आणि नंबर बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. मी एकदाही केलेली नाही, कारण तक्रार केली की ती पार्टी गेली, आणि शिरोलीत बातमी दुपारच्या जेवणापर्यंत सगळीकडे पोचते. खरा फरक पडला तो २०२३-२४ पासून. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं मुदतीत दिलं नाही, तर ते देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही, असं प्राप्तिकरात आलं. त्या मार्चमध्ये ज्यांनी माझे फोन कधी उचलले नाहीत त्यांचे अकाउंटंट स्वतः फोन करून उद्यम सर्टिफिकेट मागत होते.

जीएसटी सेवांसाठी २० लाखांच्या उलाढालीपर्यंत बंधनकारक नाही. तोवर थांबता आलं तर थांबा. मी चौथ्या वर्षी घेतला. आपल्या कामावर १८ टक्के लागतो आणि तो बिल काढलं की द्यायचा, पैसे आलेले असोत वा नसोत. म्हणजे लाखाच्या बिलाचे १८ हजार पुढच्या महिन्याच्या २० तारखेला मी भरतो आणि पार्टीने उशीर केला तर मला ते चार महिन्यांनी मिळतात. उधारी मीच देतो आणि तिच्यावरचा करही मीच आधी भरतो.

बाकीचं थोडक्यात. सध्याच्या कंपनीत साडेचार वर्षं झालीत ना? मग सहा महिने कळ काढा. पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क पक्का होतो. बेसिक २८ हजार धरलं तर ८० हजारांच्या वर रक्कम आहे, म्हणजे चार हप्ते. घरच्यांचा आरोग्य विमा नोकरीत असतानाच स्वतःच्या नावाने काढा. कंपनीचा विमा शेवटच्या दिवशी संपतो, आणि आधीपासूनच्या आजारांना नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आईच्या शुगरच्या बाबतीत मला ते महागात पडलं. कर्जाचं काही वाढवायचं असेल तर सॅलरी स्लिप हातात आहे तोवर करा, नंतर बँक दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते. कंपनीचं सॉफ्टवेअर लायसन्स आणि कंपनीची ड्रॉइंग घरच्या कामाला चुकूनही वापरू नका. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर तर नकोच, त्याच्या नोटिसा येतात.

मला पश्चात्ताप आहे का, असंही विचारलंय तुम्ही. दर महिन्याच्या एक तारखेला थोडा होतो. बाकी दिवशी नाही. मुलीच्या शाळेच्या बसला रोज मीच सोडायला जातो आणि नोकरी सोडल्यापासून कुणाला रजेचा अर्ज लिहिलेला नाही.

आज उत्तर इथेच थांबवतो. गोकुळ शिरगावला एका पार्टीकडे जायचंय, ७१ दिवस झालेत आणि त्यांचे साहेब अकरानंतर राउंडला जातात.